पाठचा मासा

१२ जानेवारी

चि. बारकीस,

ताईचे आशीर्वाद. आईचेही आहेत, पण ते ती फोनवर स्वतः देईल. माझ्या पत्रातून द्यायला तिला कमीपणा वाटतो. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीकच असणार, कारण तुझं अक्षर होतं तसंच आहे, मुंग्यांनी शाईत पाय बुडवून कागदावरून पळ काढल्यासारखं. सुई हातात असली की केसाइतकी बारीक रेघ न थरथरता ओढणाऱ्या मुलीला साधं पेन धरता येऊ नये, याचं मला कायम नवल वाटत आलंय.

तर पत्र मिळालं. दोन वर्षांनी! पोस्टमन देऊन गेला तेव्हा मी कामात होते, म्हणून हातमोजे न काढताच फोडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. आता त्यावर माझा काळा अंगठा उठलाय, जप्तीच्या कागदावर असतो तसा. "ताई, पुढच्या महिन्यात येते. तुझ्या माशाचा डोळा राहिलाय, तो भरून टाकू. मग चार दिवस माझ्याबरोबर चल, तुला शहर दाखवते." हे मी आईला दोनदा वाचून दाखवलं. "पहिल्यांदाच ऐकू आलं मला," म्हणाली. तिचं तोंड जरा उतरल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, चार दिवस शेजारीण येईल सोबतीला, काळजी करू नकोस. तर म्हणाली, "माझं काही नाही गं. तू जा." आणि उगाचच पंख्याचं बटण दाबून बघायला लागली.

आपलं गोंदणाचं दुकान आहे तसं आहे. खुर्ची अजून कुरकुरते, आता गिऱ्हाइकापेक्षा जास्त तीच ओरडते. परवा एक जण खांद्यावर होकायंत्र काढून घेऊन गेला. का, तर आयुष्यात वाट चुकू नये म्हणून. दुसऱ्या सिटिंगला गल्ली चुकला आणि फोनवर विचारत बसला, न्हाव्याच्या दुकानाच्या अलीकडे की पलीकडे. गुलाबाला अजून मरण नाही. मात्र काटे काढू का विचारलं की निम्मे लोक नको म्हणतात. बिनकाट्याचा गुलाब काढायचा तर सरळ कोबी काढावा की! पलीकडच्या खाटकाने दंडावर पिओनी काढून घेतली. आधी "बायकी फूल नको" म्हणून हटून बसला होता. मी सांगितलं, बाबा रे, जपानात हे फूल म्हणजे फुलांचा राजा. बेदरकार माणसांच्या, जुगाऱ्यांच्या अंगावर शोभायचं. लगेच बाही वर झाली. पोस्टमनच्या पोटरीवर तो एक डोळ्याचा दारुमा आहे ना, तो जपानी बाहुला, ज्याचा इच्छा धरताना एक डोळा रंगवतात आणि पुरी झाली की दुसरा? तो अजून काणाच आहे. कसली इच्छा धरलीय ते सांगत नाही. "तुमचा मासा आधी डोळस होऊ दे," म्हणतो.

आणि एका शाळामास्तरणीला एकाच दंडावर चेरीची फुलं आणि मेपलची लाल पानं हवी होती. मी म्हटलं, बाई, एक वसंतातलं आणि एक पानगळीतलं, ही दोघं एका दंडावर नांदत नाहीत. "पण दोन्ही दिसतात छान," ती म्हणाली. मला तुझीच आठवण झाली. तू हसून दोन्ही काढली असतीस आणि वर ती इतकी सुरेख निघाली असती की मला बोलायला तोंड उरलं नसतं. तुला अर्थ विचारायचा पहिल्यापासून कंटाळा. लहानपणी मी गोष्ट सांगायची तेव्हाही अर्धी ऐकून झोपायचीस, आणि सकाळी शेवट स्वतःच बनवून मला ऐकवायचीस. तुझा शेवट नेहमी जास्त झकपक असायचा.

माझी पाठ बरी आहे. थंडीत ऑपरेशनची खूण ओढ घेते, तेवढंच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावर वाकायचं तर मणक्याने कधीतरी हिशेब मागायचाच. पण मला ते पालथं पडून राहण्याचे महिने आता वाईट म्हणून आठवत नाहीत. पलंगाच्या कडेवरून हात खाली सोडून जमिनीवरच्या कागदावर मी ते चित्र काढलं होतं. खुणेच्या रेघेवरूनच कोसळणारा धबधबा, त्यात उलटा चढणारा मोठा जपानी कोई मासा, आणि खाली कमरेशी, फेसात, एक छोटा. आई अजून त्याला 'कोयमासा' म्हणते, जसा काही आंबा खाऊन उरलाय. तिला ती गोष्टही सांगून झाली, की जो मासा धबधबा चढून वर पोचतो त्याचा ड्रॅगन होतो. तिचं म्हणणं, मासा होता तेच काय वाईट होतं.

दुकान बंद असेल त्या दिवशी तू ते चित्र माझ्या पाठीवर उतरवायचीस. जुन्या व्रणावर शाई धरत नाही, फुटते, पसरते. तू ती धरून दाखवलीस. मला शिकवायला कुणी नव्हतं आणि तुला शिकवायला मी होते हे खरं, पण ते काम मला जमलं नसतं, हेही मी चारचौघांत सांगते. मी ओरडायला लागले की म्हणायचीस, "गिऱ्हाइकांना तर सांगतेस मुंगी चावल्यासारखं वाटेल. आता चावली ना मुंगी?"

राहिला डोळा. आपल्या दुकानाचा नेम तुला सांगायला नको: बाकी सगळं चित्र पुरं झालं, माणूस उठून पाणी प्यायला, की मगच डोळा. एकदा डोळा उघडला की तो बघायला लागतो, आणि अर्धवट काम कुणाला बघू द्यायचं नाही. माझ्या चित्रात डोळ्याच्या जागी नुसतं रिकामं वर्तुळ आहे ते विसरून नव्हे. बुबुळ कुठे ठेवायचं ते त्या दिवशीच सांगेन, असं मी म्हटलं होतं. आठवतं? आणि तो दिवस यायच्या आत तुझं मोठ्या शहरातलं मोठं दुकान ठरलं. मी काही म्हटलं का? नाही म्हटलं. आंधळा मासा पाठीवर घेऊन हिंडते झालं. गर्दीत कुणाचा धक्का लागला की आधी त्याचीच काळजी वाटते.

तेव्हा ये. तुझ्या सुया तू आण, शाई इथली वापरू. मी एक आरसाही आणून ठेवलाय, कशासाठी ते आल्यावर सांगेन. शहर बघायला कुठली चप्पल घालू तेवढं कळव. चालायचं फार असेल तर जुनी बरी.

वाट बघणारी,
तुझी ताई


२ फेब्रुवारी

बारके,

आशीर्वाद मागच्या पत्रात दिलेले आहेत. ते परत मागायची पद्धत नाही, म्हणून राहू देत तुझ्याकडेच.

आई बरी आहे. थंडी ओसरली. खुर्चीला तेल घातलं, आता कुरकुरत नाही. शेजारच्या न्हाव्याने दुकानाला नवा रंग दिला, असा भडक की सकाळी दार उघडलं की डोळे दिपतात. चपलेचं तू काही कळवलं नाहीस, ते आता नको.

आज तुला एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगते. नेहमीसारखी गंमत म्हणूनच वाच.

अँब्युलन्स चालवणारी एक बाई आहे. रुंद खांदे, दमदार आवाज, दारातूनच "आहे का कुणी?" विचारणारी. म्हणाली, "मला पाठीवर मासा हवाय. उगाच कुठला नको, हाच हवा. असाच्या असा." आणि फोन माझ्या हातात दिला. कुणीतरी पुढे पाठवलेला फोटो होता, एका बाईच्या उघड्या पाठीचा. मी आपली धंद्याच्या नजरेने आधी रेघा बघितल्या. खवले बघितले. पाण्याची सावली बघितली. आणि मनात म्हटलं, काय हात आहे! हा कुणी का असेना, आमच्या बारकीच्या तोडीचा आहे.

हसू नकोस. स्वतःची पाठ कुणी ओळखीने बघितलेली असते? दोन आरसे धरून मी ती तुकड्यातुकड्याने बघितलीय, आज मान, उद्या कंबर. अख्खी अशी पहिल्यांदाच बघत होते, तीही परक्या बाईच्या फोनवर. मग धबधब्याखाली ती खूण दिसली. शेवटाला, जिथे डॉक्टरांचा हात सुटला होता आणि रेघ तिरकी गेली होती, तिथे ती तशीच तिरकी होती. मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. बाई म्हणाली, "काय झालं? बरं नाही का?"

आणि बारके, त्या माशाला डोळा होता.

मी त्या बाईसमोर हात मागे नेऊन स्वतःची पाठ चाचपली. वेडीच म्हणाली असेल ती मला मनात. मला खरंच क्षणभर वाटलं, झोपेत कुणी येऊन भरून गेलं की काय. मग कळलं, तू तो फोटोवर काढलास. कॉम्प्युटरवर, बसल्या जागी, सुई न लावता. काळंभोर बुबुळ, ताठ वर बघणारं. माझ्या अंगावर जो उघडायला तुला दोन वर्षं सवड झाली नाही, तो तू फोटोत उघडून मोकळी झालीस.

खालचं त्या बाईनेच मला वाचून दाखवलं, मोठ्याने, कौतुकाने. चित्राचं नाव 'झेप'. चित्र आणि काम, दोन्हीपुढे तुझं नाव. 'अपयश मागे टाकून वर निघालेल्या जिद्दीची ही कथा. खालचा छोटा मासा म्हणजे जे मागे राहिले ते.' मग 'ग्राहक: एक महिला.' मग 'गोंदण स्पर्धेच्या अंतिम फेरीसाठी निवड.' आणि मग ती बाई म्हणाली, "शेवटच्या फेरीला फोटो चालत नाही म्हणे. त्या महिलेलाच स्टेजवर आणणार, परीक्षक जवळून बघणार. फेब्रुवारीअखेर आहे. बघायला जायचं म्हणून मी रजा टाकलीय."

म्हणजे चार दिवस ते होते होय! मला शहर दाखवायचं, आणि शहराला माझी पाठ.

मी आईला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "तुला माहीत होतं?" म्हटलं. "माहीत म्हणजे काय, ती म्हणाली ताईला सांगू नकोस, तिथे गेल्यावर सरप्राइज आहे." मग माझ्याच ब्लाउजची घडी घालता घालता म्हणाली, "तिचं भलं होत असेल तर तुझं काय जातंय? पाठच ना? तुला तर ती दिसतही नाही."

मी तो ब्लाउज तिच्या हातातून घेतला आणि घडी माझी मी घातली.

'एक महिला.' दुकानात आपण म्हणायचो ना, सगळ्यांनी मिळून अमक्याचं चांगलं गिऱ्हाईक केलं, म्हणजे टोपी घातली त्याला? तू मला अक्षरशः गिऱ्हाईक केलंस, आणि ते छापूनही टाकलंस. चोरी करणारा निदान माल लपवतो. लोक म्हणतात केसाने गळा कापला, मला ते नुसतं बोलण्यापुरतं वाटायचं. आता वाटतं, केसाइतकी बारीक रेघ मीच तुला शिकवली, गळा पुढे करून.

मला फसवलंस, बारके. आडवळणाने लिहून पाहिलं, चार ओळी खुर्चीवर आणि न्हाव्यावर घालवल्या, पण लिहायचं होतं ते एवढंच. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी दुकानातून भांडत बाहेर पडले असते, चार माणसं गोळा केली असती. तुझं कुणाला सांगू? न्हाव्याला सांगितलं, तर सांगताना मलाच लाज वाटली, जसं काही मीच काही चोरलंय.

सध्या फावल्या वेळात जपानी नाटकातला तो शिंगांचा हान्या मुखवटा काढतेय. लोक त्या शिंगवालीला राक्षसीण समजतात आणि दंडावर घेऊन मिरवतात. ती राक्षसीण नाही, विश्वासघात झालेली बाई आहे. शिंगं तिला मागाहून फुटली. तो मुखवटा सरळ धरला तर चिडलेला दिसतो, आणि जरासा खाली झुकवला तर रडतोय असं वाटतं. तोच चेहरा, एकही रेघ बदलत नाही. मला अजून त्याची मान नेमकी किती वाकवायची ते जमत नाहीये. कागद मात्र बरेच फाडले.

एकच विचारते. त्या फोटोवर डोळा काढताना तुझा हात जरा तरी थांबला का? हो किंवा नाही, एवढंच लिही. बाकीचं लांबण नको.

एक महिला


२० फेब्रुवारी

बारके,

तुझं उत्तर मिळालं. लांबण नको म्हटलं होतं तर लांबणच पाठवलंस. अक्षर मात्र या वेळी चांगलं आहे. घाबरलेलं माणूस नीट लिहितं वाटतं.

तुझं म्हणणं मी नीट वाचलं. स्पर्धेचा नियम असा की चित्र आणि काम एकाच हाताचं हवं, म्हणून माझं नाव घालता आलं नाही. घरचं माणूस चालत नाही, म्हणून 'एक महिला'. सुई तर तुझीच होती. आणि मला कुठे या गल्लीतून उठून स्पर्धेला जायचं होतं? हे सगळं खरं आहे गं. एकेक वाक्य घेतलं तर खरं, आणि सगळी मिळून खोटी. सुई तुझी होती, रेघ माझी होती, पाठ माझी होती. त्यातलं तुझं होतं ते मी कधी माझं म्हटलं नाही. जे माझं होतं ते तू मागितलं असतंस तर मी दिलंही असतं, हे तुलाही पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर राग येतो. मागायलाही तुला जड गेलं.

शेवटी लिहिलंस, "ताई, चुकले. पण आता तू आली नाहीस तर माझं सगळं जाईल." ते वाचून मला काही वाटलं नाही असं नाही. पण हात थांबला का, याचं उत्तर त्या चार पानांत कुठेच नाही.

अँब्युलन्सवाल्या बाईंचा मासा पुरा झाला. फोटोतला नाही केला. ते चित्र अपुरं आहे, एवढंच सांगितलं. कुणाचं ते नाही सांगितलं. त्यांच्याशी बोलताना कळलं की बाईंना वर चढण्यात आता काही रस नाही. "चढून झालं माझं," म्हणाल्या, "किती जणांना दवाखान्यात पोचवलं, आता मला घरी जायचंय." मग मी त्यांना खाली उतरणारा कोई दिला, प्रवाहाबरोबर जाणारा, अंगावर मेपलची पानं पडत असलेला. काम आटोपून परतणारा. उठून पाणी प्यायल्या, मग डोळा उघडला. आरशात मान वळवून बघितलं आणि म्हणाल्या, "बघतोय हो खरंच." मला बरं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदाच.

आता माझ्या माशाचं.

मी चित्र काढलं तेव्हा पालथी पडून होते. डोळ्यांसमोर जमीन आणि तुझे पाय. तू चहा आणायचीस, औषध आणायचीस, मला कुशीवर वळवायचीस. त्या दिवसांत मला सारखी आपली शाळेची वाट आठवायची. तू माझ्या दप्तराचा पट्टा धरून मागून चालायचीस, आणि रस्त्यात काही दिसलं की पट्टा सोडून तिथेच थांबायचीस. म्हणून मी प्रत्येक कोपऱ्यावर वळून बघायची, आहेस ना ते. पुढे सवयच लागली. तू मोठी झालीस, दुकानात माझ्या शेजारी बसायला लागलीस, तरी रस्ता ओलांडताना माझी मान आपोआप मागे जायची. लोक विचारायचे, कोण ही, तर मी म्हणायची, माझ्या पाठची. एका शब्दात सगळं सांगून व्हायचं.

फेसातला छोटा मासा तू आहेस, बारके. माझ्या पाठची, म्हणून माझ्या पाठीवर. आणि मोठ्याचा डोळा वर बघायचाच नव्हता. अंग सगळं वर चाललंय, शेपटी पाण्याशी झुंजतेय, आणि बुबुळ मात्र खाली, अगदी कोपऱ्यात, छोट्याकडे. आहेस ना, म्हणून. जाणकार म्हणतील, मागे बघणारा मासा धबधबा चढत नाही, त्याचा ड्रॅगन व्हायचा नाही. न झाला तर न झाला. आईचंच म्हणणं खरं, मासा होता तेच काय वाईट होतं?

हे मी तुला डोळा भरायच्या दिवशी सांगणार होते. ते ऐकून तुझा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं. पण तू तर माझ्या पाठीशी बसणार, मला दिसणार कशी? म्हणून आणला होता तो आरसा. खुर्चीसमोर भिंतीला लावूनही झाला होता.

तू अर्थ विचारला नाहीस. अर्धी गोष्ट घेऊन गेलीस आणि नेहमीसारखा शेवट स्वतःच बनवलास, झकपक. मोठ्याला वर बघायला लावलंस. आणि छोट्यापुढे लिहिलंस, 'जे मागे राहिले ते.' आपल्याच हाताने स्वतःला मागे टाकून दिलंस, आणि त्याच्या खाली स्वतःचं नाव घातलंस.

आता तुला अर्थ कळला. हे लिहिताना माझ्या मनात आलं, की परीक्षकांपुढे तू हाही सांगशील. छान सांगशील, लोक डोळे पुसतील. तुझ्याबद्दल मला असं काही वाटू शकतं, हे मला सगळ्यात जास्त लागलंय. फोटोपेक्षा, त्या 'एक महिला'पेक्षाही. तू माझं चित्र नेलंस ते एक वेळ सोसेन, पण तुझ्यावर डोळे मिटून टाकायचा भरवसा नेलास, तो आता मी कुठून आणू?

आई म्हणते, लहान आहे, घाल पाठीशी. आजवर तेच केलं. न्हावी म्हणतो, खुशाल पाठ फिरवा तिच्याकडे, धडा मिळेल. त्याचं बरोबर आहे, माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण माझी पंचाईत बघ. मी पाठ फिरवावी हेच तर तुला हवंय. दिव्यांच्या उजेडात, माणसांनी भरलेल्या सभागृहात, मी तुझ्याकडे पाठ करून उभी राहावी, एवढ्यासाठीच दोन वर्षांनी पत्र आलं होतं.

म्हणून नाही फिरवणार. स्पर्धेला मी येत नाही. त्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. डोळा आता भरायचा नाही, तुझ्या हातून नाही आणि दुसऱ्या कुणाच्याही नाही. तो मासा कुठे बघतो ते कुणाला दिसणार नाही, आणि ज्या दोघींना माहीत आहे त्यांना पुरे.

तुला यायचं असेल तर घरी ये. मशीन आणू नकोस, सुया आणू नकोस. आरसा मी काढून टाकलाय, त्याची आता गरज नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बस, आणि काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोल. यापुढे तुला माझं तोंडच दिसेल, बारके. पाठ नाही.

जिच्या पाठची तू,
ती